पिवळा ठिपका

हातात येईल ती वस्तू तो आधी उजेडाकडे धरायचा. डावा डोळा मिटायचा, वस्तू सावकाश फिरवायचा आणि मग म्हणायचा, "पास." चहाचा कप, शेवंतीचं फूल, नवा झाडू, काहीही. पसंत पडलं नाही तरी "रिजेक्ट" म्हणायचा नाही. "रिवर्क" म्हणायचा. म्हणजे थोडं सुधारा, होईल.

एकदा माझ्याकडून भाकरी करपली. ती खिडकीकडे धरून तो म्हणाला, "मावशी, रिवर्क."

मी म्हटलं, "गुमान खा. नाहीतर उपाशी झोप."

खाल्ली. वर म्हणाला, "खाल्ल्यावर पास."

अंबडच्या बाजूला आमची कॉलनी. पुढे ओट्यावर मी हार-फुलांची टोपली घेऊन बसते. मागे एक खोली आहे, ती भाड्याने देते. बारा वर्षं तो त्या खोलीत राहिला. कारखान्यात तपासनीस होता. मशीनवरून निघालेला लोखंडाचा तुकडा मोजायचा आणि माप बरोबर असेल तर पिवळ्या रंगाच्या पेनने त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका नाही तर माल गेटबाहेर नाही. तो पेन त्याच्या खिशातच असायचा. माझ्या तराजूला त्याने ठिपका दिला, बसायच्या स्टुलाला दिला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी सांगायची, नजर लागू नये म्हणून. खरं सांगत बसलं तर फुलं सुकतात.

बायको वारली तेव्हा त्याची मुलगी चौथीला होती. मुलीला त्याने एकट्याने वाढवलं. वेण्या घालायला मी शिकवल्या. त्याने घातलेल्या दोन्ही वेण्या अगदी सारख्या लांबीच्या असायच्या. पोरगी रडकुंडीला यायची, कारण तो एक वेणी सोडून पुन्हा घालायचा.

मला स्वप्नं पडत नाहीत. पण त्याची आठवण येते तेव्हा स्वप्नात असल्यासारखंच वाटतं. थंडीतली सकाळ, रस्त्यावर धुकं, धुक्यातून पहिल्या पाळीच्या सायकली आवाज न करता चाललेल्या. आणि माझ्या टोपलीशी वाकून हा माणूस एक झेंडू सूर्याकडे धरून उभा. सूर्य पण झेंडूएवढाच दिसायचा. दोन्हींत फरक कळू नये असा.

मग कारखान्यांना काम कमी झालं. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक. मला ते फुलांवरून कळलं. मशीनला घालायला लोक रोज माळ न्यायचे, ते न्यायचे थांबले. दुपारचा भोंगा बंद झाला आणि ज्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसायची तिथे कुत्री आडवी होऊन झोपू लागली. त्याचा पगार आधी निम्मा झाला, मग "बोलावू तेव्हा या" असं झालं. कोणी बोलावलं नाही.

दिवसभर तो माझ्याजवळ बसून हार ओवायचा. एकाच मापाची फुलं निवडायचा, बाकीची बाजूला काढायचा.

"एवढी टाकलीस तर मी काय विकू?" मी ओरडले.

"हार सरळ दिसला पाहिजे, मावशी."

"देव फूटपट्टी घेऊन बसत नाही."

तो हसला आणि बाजूला काढलेल्या फुलांचा वेगळा हार केला. तो आधी विकला गेला.

मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं, सटाण्याच्या बाजूला. चांगली शेतीवाडी करणारी माणसं. आली दिवाळी. पहिला दिवाळसण. लेक-जावई आले, सोबत विहीण आली. जावयाला घड्याळ दिलं, विहिणीला डाळिंबी रंगाची साडी. साडी त्याने दुकानाबाहेर उन्हात नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली होती. मी विचारलं, "पैसे कुठून आणलेस?" तो म्हणाला, "होते, मावशी."

नव्हते. संक्रांत झाल्यावर एका सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यासमोर उभा राहिला. हातात कारखान्यातला तपासणीचा जुना कागद. त्याच्या मागे त्याने नावं लिहिली होती, पाऊणशे तरी असतील.

"मावशी, तुम्हाला फोन येईल," तो म्हणाला. "शिव्या देतील. माझा फोटो पाठवतील, खाली चोर लिहिलेलं असेल. ते सगळं माझ्यासाठी आहे. तुम्ही अंगाला लावून घेऊ नका."

मग त्याने सांगितलं. हल्ली सावकार फोनमध्येच असतो. कागद नको, जामीन नको, बटण दाबलं की पैसे. हातात आले थोडे, मागितले जास्त, तेही आठवड्यात. ते फेडायला दुसऱ्याकडून घेतले, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्याकडून. आणि पहिल्याच दिवशी त्या सावकाराने विचारलं होतं, तुमच्या फोनमधली सगळी नावं-नंबर आम्ही पाहू का? याने "हो" दाबलं होतं. आता तीच नावं घेऊन ते एकेकाला फोन करत होते.

"तीस वर्षं मोजल्याशिवाय एक तुकडा सोडला नाही," तो म्हणाला, "आणि हे न वाचता पास केलं."

माझा स्वभाव तुम्हाला आत्तापर्यंत कळला असेल. मी म्हटलं, "कोणी सांगितलं होतं घ्यायला?"

"कोणी नाही. म्हणून तर सांगत फिरतोय."

मी टोपलीवर पाणी शिंपडत राहिले.

तो खरंच घरोघर गेला. सायकलवरून, गंगापूर रोडपर्यंत. दूधवाला, शिंपी, जुने सोबती, मुलीच्या शाळेच्या बाई. प्रत्येकाला तेच सांगायचं आणि कागदावर खूण करायची. एका नळवाल्याचा नंबर त्याने दहा वर्षांपूर्वी घेतला होता. त्याच्याकडेही गेला. नळवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण गळतंय कुठे?"

मला फोन आला तो चौथ्या दिवशी. कोणी तरुण मुलगी होती.

"तुमच्या भाडेकरूने पैसे बुडवलेत. तुमचं नाव जामीन म्हणून आहे."

"मी सही केली का?"

"सही लागत नाही. आज भरले नाहीत तर तुमचापण फोटो सगळ्यांना पाठवू."

"पाठव बाई. माझा लग्नातला सोडून एक फोटो नाही. बरा असेल तर मलाही एक पाठव."

तिच्या मागे पुष्कळ आवाज येत होते, बाजारात येतात तसे. सगळ्या तशाच मुली, तशीच मुलं, सगळी शिव्या देत असलेली. मी म्हटलं, "तुला पगार तरी वेळेवर देतात का?" तिने फोन ठेवला.

संध्याकाळी त्याला विचारलं, "पोलिसात का जात नाहीस?"

"बटण मी दाबलं. तक्रार कोणाची करू?"

"हातात आले तेवढे फेडलेस ना?"

"त्याच्या वरही गेले."

"मग आता ते लुटतायत, तू देतोयस. घेतलंस ती चूक तुझी, मी नाही कशाला म्हणू? पण शिव्या द्यायला तू सांगितलं होतंस का?"

नावांचा कागद त्याच्या मांडीवर होता. सगळ्या नावांपुढे खूण होती, एक सोडून. विहिणीचं नाव. त्या घरातला तेवढाच नंबर त्याच्याकडे होता, लेकही त्याच फोनवरून बोलायची.

त्याचा सगळा जीव तिथे अडकला होता. जग चोर म्हणालं तरी तो सायकलवर बसून सांगायला जात होता. पण त्या घरात त्याची लेक नांदत होती, आणि तिथे दिलेली साडी त्याच पैशांची होती. तिथे मान खाली गेली तर ती एकट्या त्याची जाणार नव्हती. रोज सकाळी कपडे करायचा, रोज म्हणायचा, उद्या जातो. चौथ्यांदा "उद्या" म्हणाला तेव्हा मी टोपली शेजारणीकडे दिली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"सटाण्याला. चल. तुला जमणार नसेल तर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुला आवडणार नाही."

एसटीत तो खिडकीशी बसला. पिंपळगाव गेलं, देवळा आलं. रस्त्याच्या कडेने बियाण्यासाठी ठेवलेला कांदा फुलला होता. हिरव्या काठ्यांवर पांढरे गोल गोंडे, नजर जाईल तिथपर्यंत, वाऱ्याने सगळे एकदम मान हलवायचे. मी एवढी वर्षं फुलं विकली, पण न विकायची एवढी फुलं पहिल्यांदा पाहिली. एसटी चालली आहे की ती फुलं मागे चालली आहेत, काही कळेना. वाटलं, असंच जात राहावं, गाव येऊच नये. त्यालाही तेच वाटत असणार, मात्र त्याचं कारण वेगळं होतं.

विहीण अंगणात लसूण निवडत होती. अंगावर विटलेलं पातळ. मुलगी आणि जावई शेतात गेले होते. तो अंगणातच उभा राहिला, हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणायला लागला, "ताई, तुम्हाला एक फोन येईल..."

"फोन उना व्हता," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "तीन-चार दिन व्हयनात. पोरले माहीत नही."

म्हणजे हिला आधीच सगळं ठाऊक होतं, आणि सुनेच्या कानावर तिने जाऊ दिलं नव्हतं.

"ताई, ते माझं..."

"आते बसा, जेवाले वाढस," म्हणाली आणि घरात गेली.

आम्ही आत जाऊन बसलो. बराच वेळ झाला. मला वाटलं, रागावली, ताट येत नाही. मग ती वाढायला आली. दिवाळसणाची डाळिंबी साडी नेसून आली होती. दुपारच्या वेळी, चुलीपुढे, नवी कोरी साडी. निऱ्या सावरत वाकून तिने त्याच्या पानात पहिली भाकरी वाढली.

त्याने भाकरी हातात घेतली. उजेडाकडे धरली नाही. खाली बघून खात राहिला आणि मी तिखट मागून घेतलं, म्हणजे डोळे पुसायचे झाले तर दोघांना कारण असावं.

परत येताना देवळ्याच्या पुढे तो बोलला. "मावशी, त्यांनी मला बोलू दिलं नाही."

"एवढं भाडं खर्च करून शिव्या ऐकायच्या होत्या का?"

"थोड्या चालल्या असत्या."

थोड्या वेळाने म्हणाला, "चूक माझी होती तेवढी मी घेतो. बाकीचं आता घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो पोलिसात गेला. बसवून ठेवलं, मग तक्रार लिहून घेतली. त्याने त्यात स्वतःची चूकही लिहा असा हट्ट धरला. लिहिणारा म्हणाला, "काका, त्याला रकाना नाही." फोन लगेच थांबले नाहीत. होळीपर्यंत येत राहिले, मग विरत गेले.

कारखान्याने त्याला परत बोलावलं नाही. उन्हाळ्यात वापीकडे कोणी ओळखीच्याने काम दिलं, तिथे गेला. जाताना एक पिशवी आणि सायकल. फोन विकून टाकला होता. "दिवाळीला येतो," म्हणाला. दोन दिवाळ्या झाल्या. मुलगी कधी फोन करते, बाबा बरे आहेत म्हणते. बरा असेल.

तो गेला त्या दिवशी मी खोली झाडायला गेले. नळ गळत नव्हता, त्याच्यावर पिवळा ठिपका. खिडकीची कडी घट्ट बसत होती, तिच्यावर ठिपका. विजेचं बटण, फळी, दाराचं बिजागर, सगळ्यांवर. जायच्या आधी त्याने खोली तपासून, दुरुस्त करून दिली होती. दाढी करायचा आरसा मात्र तसाच भिंतीवर होता. एवढाच त्याने ठिपका न देता सोडला होता. पेन खाली पडलेला.

मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. न वाचता बटण दाबलं, त्याला मी आजही पास म्हणणार नाही. मग माझं ठिपकेवालं स्टूल आणलं, कारण तो माझ्यापेक्षा हातभर उंच. स्टुलावर चढले, पेन दोनदा झटकला आणि त्याचं कपाळ जिथे येत असेल तिथे अंदाजाने ठिपका ठेवला.

आता तिथे नर्सचं काम करणारी मुलगी राहते. परवा विचारत होती, "आजी, आरशावरचा डाग पुसू का?"

म्हटलं, "हात लावू नको."

ती उंच आहे. भांग पाडायला उभी राहिली की सकाळच्या उन्हात तो ठिपका बरोबर तिच्या कपाळावर येतो.