पिवळ्या रेघेआडची लेथ

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधली जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा माझा धंदा. अकोल्यात टपरीएवढ्या जागेत सुरू केला, आता स्वतःची शेड आहे. भाव करताना माझा आवाज चढतो आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण एका सौद्याचा राग अजून गेलेला नाही.

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला मी लेथ विकली होती. लोखंड कातायची ती मशीन जुनी, पण खणखणीत. प्राचार्यांनी भाव पाडण्यात अर्धा दिवस घालवला. शेवटी मीच उतरलो. म्हटलं, पोरं शिकतील. पुढे माझी मुलगी त्याच कॉलेजात गेली आणि मेकॅनिकलची पदवी घेऊन आली.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून तिला बोलावणं आलं. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. तिच्या आईने शेजारी सांगूनही टाकलं. दुपारी पोरगी परत आली आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसली.

"मालकानं सळई देली अन् म्हणे, नट बसंन असे आटे पाडून दाखव. मले लेथ चालूच करता नाई आली, बाबा."

"काहून? चार वर्षं काय करून राहिली होती मंग?"

"आमी मशीनभोवतीच्या पिवळ्या रेघेबाहेर उभे राहून पाहत होतो. सर आत येऊच देत नोते. दसऱ्याच्या पूजेले तेवढा हात लागे. हार दरसाल मीच घातला."

मालकाने तिला सांगितलं होतं, आधी कुठंतरी अनुभव घे, मग ये.

दुसऱ्या दिवशी मी अमरावती गाठली. प्राचार्य म्हणाले, "शेठ, तपासणीला मशीन चालू स्थितीत दाखवावी लागते. मुलांच्या हाती देऊन बिघडली तर?"

"मंग डिग्री मशीनलेच द्या ना! नाईतर माही लेथ मले वापस द्या. बोला भाव."

"नोंदीवर आहे ती. विकता येत नाही." ते शांतच होते. शिपायाने मला पाणी आणून दिलं.

एसटीत मूर्तिजापूरपर्यंत नुसता संताप होता. मग विचार सुरू झाला. ज्या जिनिंगमधून मी यंत्रं उचलली, तिथे पोरं फिटरच्या मागे उभी राहून, पगार घेत शिकायची. चुकलं तर शिव्या खायची, पण हात तयार व्हायचा. त्या जागांवर आता मंगल कार्यालयं आहेत, प्लॉट पडले आहेत. कॉलेज म्हणतं, चालवणं कारखान्यात शिकतील. कारखानदार म्हणतो, मी काय शाळा काढली आहे? दोघंही आपलं नुकसान टाळतात आणि पोरगी मधल्या मधे राहते. वर चहाच्या टपरीवर लोक म्हणणार, आजकालच्या पोरांना कामच नको.

माझ्या शेडमध्ये तेव्हा एक लेथ होती. बार्शीटाकळीच्या वर्कशॉपवाल्याशी सौदा ठरत आला होता. तो टेम्पो घेऊनच आला. मुलगी लेथपाशी जाऊन उभी राहिली. "बाबा, राहू द्या ना हे काही दिवस."

मी भाव एकदम असा चढवला की तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

"भाऊ, इकायची नसंन तर सरळ सांगा ना! रिकामा टेम्पो फिरवाले आलो का मी?"

"भाडं मी देतो. चहा घे अन् जा."

आता आमचे मिस्त्री तिला शिकवतात. वर्गातल्या दोन मैत्रिणींनाही तिने बोलावून घेतलं. त्यांच्या बापांकडे लेथ कुठून असणार? सळया वाया जातात, मी ओरडतो, त्या ऐकत नाहीत.

परवा मी म्हटलं, "अनुभवाचा कागद आजच लिहून देतो. जाय कारखान्यात."

"आज नोका देऊ."

तिने नुकत्याच पाडलेल्या आट्यांवर नट चढवला. तो थोडा फिरला आणि अडकला. सळई तशीच माझ्या हातात देऊन तिने दुसरी उचलली.