विशाखाची गुळवेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आज तुम्हाला सांगून टाकते.

संभाजीनगरला पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या टाक्यांमध्ये गोड्या पाण्यातली कोळंबी असायची. तिच्या खाद्यात औषधी वनस्पती मिसळायच्या आणि ती किती वाढते, किती जगते ते बघायचं, हे आमचं काम. माझी तुळस, विशाखाची गुळवेल. विशाखा लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायची. तिची आई बांधावरच्या कडुलिंबावरची गुळवेल काढून, वाळवून, कुटून द्यायची. माझी तुळस दुकानातली, पाकीटबंद.

तिची कोळंबी काय वाढायची हो! माझी मेली ढिम्म. आमचे गाईड सर आले की थेट तिच्या टाकीपाशी. मला नुसतं 'चालू द्या'. राग यायचा का मला? राग नव्हे — मी जळत होते. तिच्या घरात एवढं शिकणारी ती पहिलीच. मला त्याचाही हेवा वाटायचा. आमच्या घरात आधीच दोन डॉक्टर, माझं कुणाला काय कौतुक?

आता हे तुम्हाला ठाऊक नसेल — कोळंबी वाढते ती कात टाकून. कात टाकली की ती काही काळ मऊ पडते, आणि बाकीच्या तिला खातात. म्हणून तिला लपायला टाकीत प्लास्टिकच्या नळीचे तुकडे ठेवतात.

विशाखा मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस गेली, टाकी माझ्यावर सोपवून. मी पहिल्याच दिवशी पाणी बदललं, नळ्या धुवायला काढल्या, आणि — परत ठेवल्या नाहीत. विसरले? नाही हो. बादलीत झाकून ठेवल्या. ती यायच्या सकाळी जिथल्या तिथं लावल्या.

निम्मीसुद्धा कोळंबी उरली नव्हती. सर म्हणाले, गुळवेल मानवली नाही, दुसरा विषय घ्या. ती टाकीपाशी बसून राहिली. म्हणाली, "आईनं लई जीव लावून कुटली होती गं. माझंच कायतरी चुकलं." मी तिला चहा पाजला. पाठीवरून हातही फिरवला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर तिच्या घरचे तेवढं थांबायला तयार नव्हते. ती आता शेंद्र्याला एका कारखान्यात आहे. मी कॉलेजात शिकवते, नावामागं डॉक्टर लावते.

आणि खरं सांगायचं ते अजून राहिलंच. ती लग्नाला गेली होती त्या चारातल्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या टाकीतल्या काती काढून फेकल्या. एवढ्या काती माझ्या टाकीत कधीच पडल्या नव्हत्या. तिची कोळंबी भराभर वाढत होती, म्हणून भराभर कात टाकत होती — आणि म्हणूनच खाल्ली जात होती. गुळवेल लागू पडली होती. हे मला त्या दुसऱ्या दिवशीच कळलं. नळ्या परत ठेवायला अजून दोन दिवस होते.