पांढऱ्या पायाचा एवारिस्तो

एवारिस्तो ब्रुसोने बोलायचा फार, हे त्याच्या बायकोपासून पाद्र्यापर्यंत सगळे सांगतील. पण त्याला फुटबॉल कळत नव्हता असं म्हणणारा आमच्या ओंबूत तरी कुणी जन्माला आला नव्हता. ब्वेनोस आइरेसच्या दक्षिणेला, रेल्वेच्या यार्डापलीकडे आमची वस्ती. वस्तीचं नाव ओंबू, क्लबचं नावही ओंबू, आणि माणसाला स्वतःचं नाव विचारलं तरी तो आधी ओंबूच म्हणेल, अशी गत.

एवारिस्तो चावीवाला. दीड माणूस मावेल एवढं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. चावी करायला पाच मिनिटं लागतात, पण त्याच्याकडे पाऊण तास लागायचा. उरलेली चाळीस मिनिटं क्लबची.

"हा आपला पाच नंबर बघ," तो कानस हातात धरून म्हणायचा. "छत्तीस वर्षांचा घोडा. वळायला लागला की वाटतं, गल्लीत ट्रक मागे घेतायत. कुणीतरी ओरडायला पाहिजे, येऊ दे, येऊ दे, डावीकडे, बास!"

"आणि गोलरक्षक?" गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं.

"तो लग्नाला आलाय. जेवण कधी वाढतायत ते बघत उभा असतो. अरे, चेंडू सहा पावलांवर पडतो, चार पावलं पुढे ये ना बाबा! रेषेला काय बांधून घातलंय तुला?"

यातलं काहीही खोटं नव्हतं. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला तेव्हाच त्याने सांगून ठेवलं होतं की मान्सिया नावाचा नवा प्रशिक्षक डावखुऱ्या पोराला उजवीकडे खेळवतोय आणि हे महागात पडणार. एकदा तर कॉर्नरच्या झेंड्यामागच्या सातव्या पायरीवरून, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांच्या आपल्या जागेवरून, त्याने ते मान्सियाला ओरडून सांगितलं. मान्सियाने वळून उत्तर दिलं, "मग तू ये खाली आणि तूच सांभाळ!" एवारिस्तो म्हणाला, "जागा कर, आलोच!" सगळी बाजू खदखदून हसली. त्या दिवशी आम्ही चार गोलांनी हरलो, पण घरी जाताना लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते.

मग थापा बंद झाल्या. त्याचं असं झालं.

एप्रिलमध्ये एवारिस्तोचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. तो इस्पितळात, आणि इकडे ओंबू जिंकला. जुलैमध्ये नेलिदाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मावशीला माती द्यायला तो रोसारिओला गेला. ओंबू जिंकला. सप्टेंबरात तो अंगावर क्लबचा हिरवा सदरा चढवून मैदानाकडे निघाला होता, तर कोपऱ्यावरच्या म्हातारीने त्याला अडवलं. दार बाहेरून ओढलं गेलेलं, आत गॅसवर पातेलं. कुलूप उघडून देईपर्यंत पहिला अर्धा खेळ संपला आणि फाटकं बंद झाली. ओंबूने तीन गोल मारले.

त्या अख्ख्या हंगामात घरच्या मैदानावर आम्ही जिंकलो ते एवढेच तीन सामने. बाकी चौदांत एवारिस्तो सातव्या पायरीवर हजर होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं म्हणून शहाणी माणसं सोडून देतात. पण क्लब खालच्या श्रेणीत घसरायला आला असताना शहाणं कोण राहणार? कोपऱ्यावरच्या बारमध्ये कुणीतरी हे तीन सामने बोटांवर मोजले, आणि मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजले. पांढऱ्या पायाचा माणूस आमच्याकडे मोठी भयंकर गोष्ट असते. त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, काढलंच तर अपशकुन टळावा म्हणून पुरुषांनी डाव्या हाताने जिथे हात लावायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. आधी बारमधले त्याला "चावीवाला" म्हणू लागले. मग "तो". पोस्टमनने पाकीट आणून दिलं आणि म्हणाला, "साहेब, सही." साहेब! ज्या माणसाला त्याने डझनभर टोपणनावं दिली होती, त्याला साहेब! शेवटी नेलिदा सोडून त्याला एवारिस्तो म्हणणारं वस्तीत कुणी उरलं नाही.

त्याला हे कळायला महिना लागला. कळलं तेव्हा तो हसला. दुसऱ्या दिवशीही हसला. तिसऱ्या दिवशी बारमध्ये गेला तर टीव्हीवर ओंबूचा बाहेरगावचा सामना चालू होता, आणि तो आत शिरताच मालकाने टीव्ही बंद केला. बिघडलाय म्हणे.

शेवटचा सामना नोव्हेंबरमधल्या एका रविवारी होता, घरच्या मैदानावर. जिंकलो तर राहिलो. बरोबरी झाली तरी खाली. त्याच्या आदल्या गुरुवारी रोके दुकानात आला. रोके खाटीक, एवारिस्तोचा शाळेपासूनचा मित्र. सातव्या पायरीवर चव्वेचाळीस वर्षं हा डावीकडे आणि एवारिस्तो उजवीकडे.

"नेलिदा बरी आहे ना?" रोकेने विचारलं.

"सकाळीच तुझ्या दुकानातून मांस घेऊन आली की."

"हो. आली होती."

"जाड्या, काय ते बोलून टाक. पोट बिघडल्यासारखा उभा राहू नकोस."

रोकेने टोपी काढली, पुन्हा घातली. "रविवारचं म्हणत होतो. पोरांचं म्हणणं असं पडलं की…"

"कोण पोरं? त्यात सगळ्यात लहान पोरगं आजोबा झालंय."

"सगळ्यांचंच म्हणणं आहे."

"आणि तुझं?"

रोके भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या चाव्यांकडे बघून म्हणाला, "तीन, लेका. तीनच जिंकलो, आणि तिन्ही वेळा तू नव्हतास. मी तरी काय करू?"

"पाच नंबर पळत नाही, गोलरक्षक जागचा हलत नाही, मान्सियाला डावा-उजवा हात कळत नाही, आणि पाय माझे पांढरे?"

"ते सगळं खरं आहे," रोके म्हणाला. "मी कधी नाही म्हटलंय? पण त्यातलं रविवारपर्यंत काही बदलता येत नाही. तुझं तेवढं येतं."

एवारिस्तोने हातातली कानस खाली ठेवली.

"फक्त मैदानावर यायचं नाही एवढंच ना?"

"टीव्हीही नको. रेडिओ नको. कुणाला विचारायचंही नाही." रोके जवळ सरकला. "माझ्या बापाची राख त्या गोलामागे टाकलीय रे. मी तुझ्या पाया पडतो."

एवढा अंगाने आडवा माणूस, आणि खरंच वाकायला लागला. एवारिस्तोने त्याला धरून सरळ केला आणि म्हणाला, "नाही येत. जा."

नेलिदाने मागच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. रोकेची पाठ वळते न वळते तोच ती हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली. "नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं! अकरा धडधाकट गडी, त्यांना चेंडू मारता येत नाही, तो दोष माझ्या नवऱ्याचा? तू जायचंस रविवारी. मुद्दाम जायचंस. पहिल्या पायरीवर उभं राहायचंस!"

"आणि हरले तर?"

"हरले तर हरले!"

"मग मला इथून बिऱ्हाड हलवावं लागेल, नेलिदा."

तिने लाटणं खाली केलं. "मग नको जाऊस. ते हरले तर तुझं नाव आपोआप धुऊन निघेल. तू नव्हतास, तरी हरले. संपलं."

ती रागाच्या भरात बोलून गेली आणि पास्त्याचं पीठ मळायला आत गेली. पण एवारिस्तो तिथेच उभा राहिला, कारण आपण कशात अडकलोय ते त्याला तेव्हा नीट दिसलं. ओंबू जिंकला, की तो जन्मभर पांढऱ्या पायाचा. मग ना सातवी पायरी, ना बार, ना कुणाच्या तोंडी नाव. आणि ओंबू हरला, की त्याच्यावरचा डाग जाणार, पण क्लब जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शुक्रवारी आणि शनिवारी त्याने एकही चावी धड केली नाही. वेर्मूतची दारू प्यायला, तीही चढेना. बाजूला पडलेली नेलिदा घोरत होती आणि हा छताकडे बघत देवाकडे काय मागावं ते ठरवत होता. ज्याने जन्मभर फक्त एकच गोष्ट मागितली, त्याला आता तीच मागता येईना.

रविवारी दुपारी वस्ती रिकामी झाली. ढोल वाजवत लोक त्याच्या दुकानावरून गेले. कुणी आत बघितलं नाही. पाच वाजता त्याने शटर अर्धं ओढलं आणि यंत्रासमोर बसला.

मैदान तिथून आठ गल्ल्यांवर. रेडिओ लावायची गरजच नव्हती. पाहुण्या संघाच्या लोकांना कित्येक वर्षं मैदानात येऊ देत नाहीत, त्यामुळे आवाज आला तर तो आपलाच. आपला गोल म्हणजे गर्जना. त्यांचा गोल म्हणजे शांतता.

आवाज ऐकू येऊ नये म्हणून एवारिस्तोने यंत्र चालू केलं आणि चाव्या कापायला लागला. कुठल्या कुलपाच्या? कुठल्याच नाही. कोरी चावी लावायची, दाते पाडायचे, फेकायची. यंत्र किंचाळत होतं. अर्ध्या तासाने दाता अडकला, यंत्र बंद करावं लागलं, आणि तेव्हा त्याला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. ढोल नाही, गाणं नाही, शिव्यासुद्धा नाहीत. सहा हजार माणसं एकदम मुकी झालेली. कुत्रं भुंकत होतं तेवढंच.

आणि एवारिस्तोला बरं वाटलं.

हायसं वाटलं, अगदी पोटातून. गेल्या दोन महिन्यांत एवढा मोकळा श्वास त्याने घेतला नव्हता. मी नाही, मी नाही, मी इथे आहे, तरी तुमच्यावर गोल झाला! तो हसलासुद्धा. आणि मग आपण कशाला हसतोय ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याला भडभडून आलं. ओंबूवर गोल झाला म्हणून ब्रुसोने हसतोय! बापाने त्याला खांद्यावर बसवून सातव्या पायरीवर नेलं होतं. तो बाप आज असता तर पायातली चप्पल काढून मारत सुटला असता.

"काय झालं?" नेलिदा आतून म्हणाली.

"काही नाही. दाता अडकला."

सव्वासहाच्या सुमाराला पहिली गर्जना झाली. एवारिस्तोच्या छातीत धस्स झालं. चव्वेचाळीस वर्षं ओंबूच्या गोलावर ज्या छातीत आनंद मावत नव्हता, तिच्यात धस्स झालं. त्याने कानांवर हात ठेवले. एक-एक. बरोबरी. बरोबरी झाली तरी खालीच. देवा, बास कर आता, असं तो पुटपुटला, आणि हे आपण कुणाच्या बाजूने मागितलं ते त्याने स्वतःपासूनही लपवायचा प्रयत्न केला.

दुसरी गर्जना आली तेव्हा शटर थरथरलं. आणि ती थांबेना. शिट्ट्या, फटाके, चर्चच्या घंटा. नेलिदा धावत बाहेर आली, तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला लागली, कारण झालं तरी तीही ओंबूचीच. तोही रडला. ती समजली आनंदाने.

तासाभरात सगळी वस्ती त्याच्या दारात. शटर वर ढकललं, त्याला खांद्यावर घेतलं, दोन गल्ल्या फिरवून आणलं. "तूच वाचवलंस!" म्हणत लोक त्याचे मुके घेत होते. बारच्या मालकाने बाटली आणली होती. पोस्टमन रडत होता. एवढा मान त्याला सगळ्या जन्मात मिळाला नव्हता, आणि एवढ्या गर्दीत त्याला नावाने हाक मात्र एकानेही मारली नाही.

गर्दी ढोलामागून पुढे सरकली. रोके मागे राहिला. सदरा घामाने भिजलेला, घसा बसलेला.

"गोल कसा झाला, जाड्या?" एवारिस्तोने विचारलं. "दुसरा. कॉर्नरवरून?"

रोके हसला, तोंड उघडलं आणि मिटलं. "नको रे. झालाय तो झालाय. तुला सांगायला नको. अजून पंचांचा निकालाचा कागद वर, संघटनेकडे, जायचाय."

"कागद गेल्यावर सांगशील?"

"बघू ना." रोकेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला. "पुढच्या हंगामालाही… म्हणजे तू समजूतदार आहेस."

"नाही येणार," एवारिस्तो म्हणाला. "तुम्ही म्हणता ते खरंच आहे."

आता रोकेच चपापला. "छे, खरं कसलं वेड्या! आपलं बुडत्याला काडीचा आधार. सगळे जाणतात ते. तू काय मनावर…"

"त्यांचा गोल झाला तेव्हा मला बरं वाटलं, रोके. मी हसलो."

एखाद्याने शिवी द्यावी, कानाखाली मारावी, तसं काही रोकेने केलं असतं तर एवारिस्तोने उपकार मानून त्याचे हात धरले असते. पण रोके एक पाऊल मागे सरला, फुटपाथवरून खाली उतरला आणि गर्दीच्या दिशेने चालायला लागला. आधी हळू, मग भरभर.

"कुणी मारला?" एवारिस्तो मागून ओरडला. "जाड्या! तेवढं तरी सांग! पाच नंबरने मारला का?"

ढोल कोपऱ्यावरून वळले. रोके वळून न बघता त्यांच्यामागून गेला.