खोक्यातली पेटी

जयपूरला वैशाली नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये काल सामान आलं. एक लाकडी खोका उघडायला निघालेल्या हमालाला नवरा म्हणाला, "भैया, वो रहने दो, पहले घर सेट होने दो." आईच्या बाजाच्या पेटीचा तो खोका तसाच बंद कोपऱ्यात गेला. त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी एकदम लहानपणात गेले.

तिसरीत होते मी. बाबा रेल्वेत, आम्ही इथंच जयपूरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पेटी या खोक्यात बंद होती, कारण बाबांना नागपूरला बदली हवी होती. "तिथं गेलो की निवांत वाजव," म्हणायचे. एका दुपारी आईनं उलथन्यानं फळी उचकटली आणि फरशीवर बसून वाजवायला लागली. भात्यातून धूळ उडत होती, दोन सूर मुके होते. शेजारच्या आंटी गहू पाखडायचं सूप मांडीवर तसंच धरून ऐकत बसल्या. आईला इतकं खुश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी बाबांनी फळी परत ठोकली. आईला म्हणाले, "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, सुमन."

बदली झाली. मग स्वतःचं घर झालं, मग माझं लग्न. दर वेळी पुढचं काहीतरी व्हायचं राहिलेलंच असायचं. आई गेली तेव्हाही खोका बंदच होता.

इतकी वर्षं मी बाबांवर चिडत आले. पण त्या संध्याकाळी त्यांच्या हातात एकेक खिळा देत होते ती मीच, आणि काल खोका नंतर उघडू म्हणणाऱ्या नवऱ्याला "बरं" म्हणाले तीही मीच.