प्रतिवादी नंबर दोन

माय जन्मात पहिल्यांदा कोर्टात गेली ती प्रतिवादी नंबर दोन म्हणून. नंबर एक सरकार होतं. मी समन्स वाचून दाखवलं तेव्हा तिला हसूच आलं. "मंग सरकार बी माझ्यासंगं उभं ऱ्हातं का?"

सिलिंगच्या कायद्यात तीर्थपुरीजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याची जादा जमीन सरकारनं घेतली होती. त्यातले तीन एकर मायला मिळाले. त्याच रानात तिनं वर्षानुवर्षं मजुरीनं खुरपलं होतं. मालकानं दावा लावला की हा कायदाच चुकीचा आहे, जमीन परत द्या.

मी नुकतीच शिक्षिका झाले होते. रजा काढून मायला एसटीनं जालन्याला नेलं.

सुनावणी फार चाललीच नाही. सरकारी वकिलांनी सांगितलं की या कायद्याविरुद्धचा दावा दिवाणी कोर्टाला ऐकताच येत नाही, तशी कायद्यातच तरतूद आहे. न्यायाधीशांनी कागद चाळले आणि दावा काढून टाकला.

बाहेर मायनं त्या वकिलांना गाठलं. "साहेब, आज आपलं बराबर झालं. पन उद्या सरकारच चुकलं, तर माझ्यासारखीनं बी इथं यायचं न्हाई का?"

"या कायद्यापुरतं इथं नाही, बाई. वर दाद मागायला जागा आहे."

"वर म्हंजी लई लांब," माय म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. पण चेहरा खुलला होता, हेही खरं.

मालक नळावर तोंड धूत होते. मी अडवायच्या आत माय तिकडं गेली.

"दादा, त्या तुकड्यात हीर खांदायची म्हनलं तर पानी कुठं लागंल?"

तिनं त्यांना दादा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"वरल्या बांधाला नुसता खडक हाय," ते म्हणाले. "खाली, बोरीच्या अंगाला खांद."

ते पुढं दाद मागायला वरच्या पायरीवरही गेले, तिथंही हरले. आम्ही बोरीच्या झाडाजवळ खांदलं. पाणी लागल्याचं कळल्यावर ते स्वतः बघायला आले, वाकून आत डोकावले.

"आजून चार हात खाली घ्या. उन्हाळ्यात टिकंल."

मायनं चार हात खाली घेतलं. त्या वर्षी आमच्या रानात पहिल्यांदा गहू उभा राहिला.