उभा पंजा

कल्पना करा, तुम्ही साठ फूट उंचावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसला आहात. चारी बाजूंनी काच. खाली हुकाला लटकलेली पोलादाची जाड प्लेट तुम्हाला शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची आहे. आवाज इतका, की खालून कुणी ओरडलं तरी ऐकू येणार नाही. म्हणून खाली एक माणूस हाताने इशारे करतो आणि तुम्ही फक्त त्याचेच इशारे पाळता. अपवाद एकच, उभा पंजा. तो साहेब दाखवो की झाडूवाला, कारण विचारायचं नाही. कंट्रोलवरून हात काढायचे आणि थांबायचं.

भूपेंद्र मेंढे हे काम एकोणीस वर्षं करतो आहे. वय बेचाळीस. त्याचे वडील बाबाराव साकोलीकडची शेती भावांवर सोडून पोलादाच्या प्लांटात लागले. ते परमनंट होते, सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, क्वार्टर होतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर गेलं आणि घर खुर्सीपारच्या दोन खोल्यांत आलं. आता वडीलही नाहीत. भूपेंद्र वडिलांच्याच शेडमध्ये आहे, पण ठेक्यावर. आजवर पाच ठेकेदार बदलले, क्रेन तीच राहिली.

सेक्टरमधल्या जुन्या मित्रांनी कुरुदला प्लॉट घेतले, त्यांची मुलं कोचिंगला जातात. लग्नात कुणी भेटलं की आधी विचारायचं, ‘परमनंट झाला का?’ मग, ‘लग्न कधी करतो?’ चाळिशीनंतर लोकांनी विचारणं सोडलं. ते त्याला जास्त लागलं.

गेल्या हिवाळ्यात बोरसीचं एक स्थळ आलं. हर्षा, अडतीस वर्षांची, घटस्फोटित, एका शाळेच्या ऑफिसात कामाला. भूपेंद्रचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, पंजाबराव, दुर्गचे रेल्वेवाले, मध्यस्थ होते.

“प्लांटात आहे, एवढंच सांगाचं. त्यात खोटं काय?” निघताना ते म्हणाले.

“पण ते परमनंट समजतीन ना, भाटवे.”

“समजू दे. समजण्यावर काय जीएसटी लागते? बेचाळीसचा झाला तू. आता हरिश्चंद्र कावून बनून राहिला?”

आई, गयाबाई, पुढे आली. तिने फक्त त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

बोरसीला हर्षाने पोहे आणले आणि आत न जाता समोरच्या खुर्चीत बसली. तिचा धाकटा भाऊ प्रफुल दाराशी उभा होता.

“तुम्ही वर एकटेच असता? पूर्ण शिफ्ट?” तिने विचारलं.

“हो.”

“मग बोलता कोणाशी?”

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “कोणाशीच नाही. गाणे म्हणतो. खाली कोणाले ऐकू येत नाही.”

“चांगले म्हणता?”

“एकोणीस वर्षांत कोणी तक्रार नाही केली.”

हर्षा मोठ्याने हसली. तोही हसला. या बाईला खरं सांगावं, असं त्याला अगदी आतून वाटलं.

“एक सांगतो. मी प्लांटातच आहो, पण...”

हर्षाच्या मागे बसलेल्या पंजाबरावांनी पंजा उभा केला.

भूपेंद्र थांबला. त्याने काही ठरवलं नव्हतं, तो घाबरलाही नव्हता. बशीवरचा हातसुद्धा आपोआप उचलला गेला, कंट्रोलवरून उचलावा तसा.

“पण काय?” हर्षाने विचारलं.

“काही नाही. असंच.”

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग बशा गोळा करून आत गेली.

“वाचवलं तुले आज,” स्कूटरवर पंजाबराव म्हणाले.

चौथ्या दिवशी प्रफुलचा फोन आला. “दादा, ताई नाही म्हणते.”

“ठेक्याचं कळलं असन तुमाले.”

“ते तर तुम्ही येण्याच्या पहिलेच माहीत होतं. मी बी प्लांटात ठेक्यावरच आहो, मीच तिले सांगितलं होतं. तरी म्हणे, येऊ दे त्यायले.”

“मग कावून नाही म्हणते?”

“पुसलं मी. चूप बसते.”

पंजाबराव म्हणाले, बहाणे आहेत, परमनंट असता तर पोरगी नाचत आली असती. गयाबाईने हर्षाचा बायोडाटा परत कपाटात ठेवला. कुणीच कुणाला दोष दिला नाही, त्यामुळे त्या घरात पुढे बोलायलाही काही उरलं नाही.

बायोडाट्यावरचा हर्षाचा नंबर भूपेंद्रच्या मोबाइलमध्ये अजून आहे. जेवणाच्या सुट्टीत तो केबिनमधून खाली उतरत नाही, डबा तिथेच उघडतो. कधी मेसेज लिहितो आणि पुसून टाकतो. फिर्याद नाही त्यात. एवढंच विचारायचं असतं, की तुमाले सगळं पहिलेच माहीत होतं, तर “पण काय?” म्हणून तुम्ही माझ्या तोंडून काय ऐकाची वाट पाहून राहिल्या होत्या?