उखानानांचा घाट

कोंडाईबारीच्या माथ्यावर सर्व्हिस मोटर थांबली, की आम्ही उतारू दरी बघायला कड्याकडे धावायचो आणि ड्रायव्हर उखानाना दरीकडे पाठ करून दगडावर बसायचे. इंजिन निवेपर्यंत डोळ्यांवर पाण्याचे हबके मारत. मी साताऱ्याकडचा, नवापूरच्या बाजूला मास्तरकीवर आलेला; दर सोमवारी साक्रीहून त्यांच्याच गाडीने जाई. नोकरीचा कंटाळा आला होता, पण त्या माथ्यावर जरा बरं वाटे.

"नाना, या की! काय सुंदर दिसतंय!" मी पहिल्यांदा हाक मारली.

"मास्तर, घाट देखना शे आजून," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

घाट देखणा म्हणायचं आणि पाठ फिरवून बसायचं! हा किस्सा मी शाळेत रंगवून सांगत असे. शेवटी तिथल्याच एका शिक्षकाने माझी हौस जिरवली. अहिराणीत देखना म्हणजे बघायचा. पुढचा उतार अजून बघत उतरायचाय, असं म्हणत होते नाना. थकलात का विचारलं, तर म्हणायचे, "मानूस थकस, घाट नही थकस."

एका हिवाळ्यात वरच्या वळणावर समोरून बैलगाडी आली. आम्ही सगळे ओरडलो, तेव्हा कुठे नानांनी ब्रेक दाबला. माथ्यावर येताच त्यांनी चावी कंडक्टरच्या हातावर ठेवली आणि ते नेहमीच्या दगडावर बसले.

"गाडी खाले लई जावाले दुसरा ड्रायव्हर बलावा."

उतारू खवळले. कुणाला बाजार गाठायचा होता, कुणाला लग्न. एक व्यापारी म्हणाला, "अहो, रोजचा रस्ता तुमचा!"

"रोजना शे म्हनीसनच इतला दिन पाठ करीसन चालनू, शेटजी. डोयासले बठ्ठं धुकं दिखस."

म्हणजे रस्ता पाठ होता म्हणून इतके दिवस चाललं होतं; डोळ्यांना सगळं धुकंच दिसत होतं. घरात लग्नाच्या मुली, आणि नानांना ड्रायव्हरकीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. मला त्यांचा संताप आला, आणि कीवही. मी कड्याकडे वळलो.

नाना उठले आणि कड्यापाशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मास्तर, काय दिखस?"

मी सांगत गेलो. पळसाची झाडं, पाड्यावरचा धूर, खाली नदीची रेघ.

"आनि रस्ता?"

"खालपर्यंत मोकळा आहे."

"मोकळा शे," ते स्वतःशीच म्हणाले.

उन्हं कलल्यावर दुसरा ड्रायव्हर आला. नाना पहिल्यांदाच उतारूंच्या बाकावर बसले, माझ्या शेजारी. उतार लागला तसा त्यांचा उजवा पाय दर वळणाला समोरची फळी दाबू लागला. मध्येच कुठेतरी तो थांबला. बघतो, तर नाना झोपले होते.